माझ्याकडे तर दिसतंय!

सी++ च्या एखाद्या ओळीशेवटी अर्धविराम राहिला, की कंपायलर लांबलचक खलिता धाडतो. कुठे राहिला, त्यामुळे पुढे काय काय कोसळलं, त्याला स्वतःला नेमकं काय अपेक्षित होतं, सगळं सविस्तर. पण प्रोग्रामसोबत जायची चित्रं, आवाज, फाँट आणि भाषांतरं यांचं अख्खं फोल्डर मागे राहिलं, तर हाच कंपायलर हूं की चूं करत नाही. बिल्ड शंभर टक्के पूर्ण झाल्याचा संदेश येतो, झिप बनते, ग्राहकाकडे जाते. तिथे खिडकी उघडते ती पांढरीफटक. बटणं असतात, पण त्यांच्यावर काही नसतं. कुठलं बटण फाइल जतन करतं आणि कुठलं पुसून टाकतं, हे दाबल्यावरच कळतं.

मग फोन येतो. या फोनचा मसुदा ठरलेला आहे.

“अहो, तुमचं ॲप उघडतंय, पण चित्रं दिसत नाहीत.”

“माझ्याकडे तर दिसतंय.”

“आमच्याकडे नाही ना दिसत.”

“थांबा हं, परत चालवून बघतो... हो, दिसतंय!”

पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलत असतात.

गावोगाव हिंडणाऱ्या जुन्या नाटक मंडळ्यांना ही पंचाईत लगेच कळली असती. तालमीच्या जागी पडदे, मुकुट, दाढ्या, तलवारी, सगळं हाताशी. संवाद चोख पाठ. प्रयोगाच्या गावी तिसरी घंटा होते आणि मग लक्षात येतं, की महाराजांचा मुकुट मागच्या मुक्कामाला राहिलाय. चूक कुणाच्याही पाठांतरात नसते. कोड म्हणजे ते पाठांतर, प्रोग्रामरचं मशीन म्हणजे तालमीची जागा आणि प्रयोग नेहमी दुसऱ्याच्या गावी. फरक एवढाच, की मंडळीत सामानाचा हिशेब ठेवायला एक माणूस असे. सॉफ्टवेअरमध्ये ते काम बिल्ड सिस्टीमकडे असतं, आणि ती सांगितल्याशिवाय पेटीला हात लावत नाही.

हे सामान, म्हणजे कोड नसलेलं पण कोडसोबत जावंच लागणारं सगळं काही, त्याला या धंद्यात रिसोर्स फायली म्हणतात. लोगो, कर्सर, फाँट, खेळातल्या तलवारीचा खणखणाट, मदतीची पानं, देशादेशांच्या भाषांतरांच्या फायली, ग्राफिक्स कार्डला द्यायचे शेडर. वजनाने बघितलं तर आजच्या एखाद्या खेळात कोड म्हणजे ताटातलं मीठ. बाकी सगळं हेच.

आता कोडमध्ये प्रोग्रामर लिहितो काय? ‘ॲसेट्स’ फोल्डरातली ‘लोगो डॉट पीएनजी’ उघड. कुठलं ॲसेट्स? तर आपण जिथे उभे आहोत, तिथलं. आणि प्रोग्राम कुठे उभा आहे हे प्रोग्रामच्या हातात नसून त्याला ज्याने उठवलं त्याच्या हातात असतं. टर्मिनलमधून चालवला, तर त्या वेळी टर्मिनल ज्या फोल्डरात असेल तिथे. व्हिज्युअल स्टुडिओच्या साध्या प्रोजेक्टातून चालवला, तर प्रोजेक्टच्या फोल्डरात, जिथे योगायोगाने ॲसेट्सही असतं, त्यामुळे सगळं दिसतं आणि प्रोग्रामर जेवायला जातो. मॅकवर फाइंडरमध्ये डबल-क्लिक केला, तर प्रोग्राम थेट डिस्कच्या मुळाशी उभा राहतो. तिथे ॲसेट्स कशाला असेल!

मग शहाणा माणूस म्हणतो, की उभं राहण्याच्या जागेवर भरवसा ठेवू नये, प्रोग्रामने आधी स्वतःची फाइल कुठे आहे ते शोधावं आणि तिथून वाट काढावी. विचार उत्तम. पण प्रमाणित सी किंवा सी++ मध्ये ‘मी कुठे आहे’ असं विचारायची सोयच नाही. विंडोजवर त्यासाठी ‘गेटमॉड्यूलफाइलनेम’ला साकडं घालावं लागतं, लिनक्सवर ‘प्रॉक’खालच्या ‘सेल्फ’मध्ये डोकवावं लागतं, मॅकवर तिसरंच फंक्शन आहे आणि त्याच्या नावाची सुरुवातच अधोरेषेने होते, म्हणजे शक्यतो विचारू नका असा भाव. पन्नास वर्षांची भाषा चंद्रावर यान नेण्याचं गणित करते, पण स्वतःचा पत्ता शेजाऱ्याला विचारते.

शेजारीही तीन, आणि सामान कुठे ठेवावं याबद्दल तिघांची तीन ठाम मतं.

विंडोजचं मत असं, की सामान पोटात ठेवावं. चिन्हं, संवादखिडक्या, मजकूर हे सगळं एका आरसी फाइलीत लिहायचं, रिसोर्स कंपायलरने ते दळायचं आणि एक्झीच्या आतच शिवून टाकायचं. ही पद्धत १६ बिटांच्या विंडोजपासून चालत आली आहे, आणि तिच्या अंगावर त्या काळच्या खुणा अजून आहेत. आतली वस्तू बाहेर काढायची तर आधी ‘फाइंडरिसोर्स’, मग ‘लोडरिसोर्स’, मग ‘लॉकरिसोर्स’. यातलं शेवटचं फंक्शन आज काहीही लॉक करत नाही. मेमरी तोकडी होती तेव्हा नावाप्रमाणे वागत असे. आता नुसता पत्ता देतं, पण नाव बदललं तर जुने प्रोग्राम मोडतील, म्हणून पाटी तशीच. याच घराण्यातली ‘मोरआयकॉन्स डॉट डीएलएल’ नावाची फाइल विंडोज ३.१ च्या जमान्यात डॉसच्या प्रोग्रामांना बरी चिन्हं मिळावीत म्हणून आली, आणि विंडोज १० मध्येही जागेवर होती. प्रोग्राम गेले, चिन्हं राहिली. पोटात ठेवलेल्या सामानाचं असंच होतं, टाकून द्यायची कुणाची हिंमत होत नाही.

ॲपलचा इतिहास जास्त रंगतदार. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये ब्रूस हॉर्नने रिसोर्स मॅनेजर लिहिला. त्यात प्रत्येक फाइलीला दोन अंगं: एकात मजकूर, दुसऱ्यात रिसोर्स. बाहेरून एकच फाइल, आत दोन खोल्या. ‘रेसएडिट’ नावाचं अवजार घेऊन कुणीही कुठल्याही प्रोग्रामची चिन्हं, मेनू, अगदी शब्दही बदलू शके, कोडला हात न लावता. योजना फार देखणी होती. अट एकच, की फाइलीने मॅक सोडून कुठे जाऊ नये. ती डॉसच्या फ्लॉपीवर साधी कॉपी केली, की दुसरी खोली सरळ गळून पडायची, आणि परत आलेला प्रोग्राम निष्प्राण. जगातल्या बाकी सगळ्यांच्या फायलींना एकच अंग होतं, त्याला ॲपल काय करणार?

या प्रकरणाचं भूत अजून फिरतं. मॅकवाल्या मित्राने लग्नाचे फोटो झिप करून पाठवले, की विंडोजवर त्यात ‘मॅकओएसएक्स’ नावाचं एक अनोळखी फोल्डर निघतं. पेनड्राइव्हवर टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या चिमुकल्या जुळ्या फायली दिसतात. तो व्हायरस नव्हे. ज्यांना दुसरी खोली नाही अशांच्या घरी जाताना मॅकने तिथलं सामान वेगळ्या पिशवीत घातलेलं असतं.

पुढे नेक्स्टस्टेपमधून बंडल आलं आणि मॅक ओएस एक्सने ते उचललं. डोळ्यांना दिसतं ते एक ॲप. खरं तर ते फोल्डर असतं. आत ‘कंटेंट्स’, त्यात ‘मॅकओएस’मध्ये प्रोग्राम, ‘रिसोर्सेस’मध्ये सामान, आणि घरमालकाची माहिती ‘इन्फो डॉट पीलिस्ट’मध्ये. उचला, कुठेही टाका, चालतं. तिघांत हीच मांडणी सर्वांत समजूतदार आहे, हे लिनक्सवालेही मान्य करतात, फक्त मोठ्याने नाही. गोम एवढीच, की बंडलावर सही झाली, की आतलं एक चित्र बदललं तरी सही मोडते. तेव्हा सामान आधी, सही नंतर. हा क्रम उलटा करणाऱ्याला पहिल्या दिवशी काहीच होत नाही. होतं ते ग्राहकाच्या मशीनवर.

लिनक्सच्या, म्हणजे मुळात युनिक्सच्या मते प्रोग्राम आणि त्याचं सामान एकत्र राहणंच गैर. चालणारी फाइल ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’मध्ये, लायब्ररी ‘लिब’मध्ये, चित्रं-आवाज-भाषांतरं ‘शेअर’मध्ये, सेटिंगा ‘ईटीसी’मध्ये. यामागे तर्क आहे: ‘शेअर’मधल्या वस्तू कुठल्याही प्रोसेसरला सारख्याच चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या जातींची यंत्रं ते एकच फोल्डर नेटवर्कवरून वाटून घेऊ शकत. म्हणजे एका कुटुंबाची भांडी गावातल्या सगळ्या भांड्यांसोबत एका कोठीत, आणि कपडे गावातल्या सगळ्या कपड्यांसोबत दुसऱ्या कोठीत. हिशेब ठेवायला पॅकेज मॅनेजर बसलेला. तो असेपर्यंत व्यवस्था निर्दोष चालते. त्याला वगळून कुणी हाताने काही ठेवलं, की ते कुणाचं हे पुढच्या पिढीला कळत नाही.

याला कंटाळून लिनक्समध्येच ॲपइमेज निघालं, सगळं एका फाइलीत. ते चालवलं, की आतलं सामान ‘टीएमपी’खाली तात्पुरत्या जागी जोडलं जातं आणि त्या जागेचं नाव दर वेळी वेगळं असतं. ‘यूएसआर शेअर’ असा पत्ता ज्याने कोडमध्ये कोरून ठेवला, त्याचा प्रोग्राम इथे आंधळा होतो. अँड्रॉइडवर तर सामान फायलींच्या रूपात नसतंच. एपीके ही एक झिप असते आणि आतली वस्तू ‘ॲसेटमॅनेजर’कडे मागावी लागते. सी मधला नेहमीचा ‘एफओपन’ तिथे हात हलवत परत येतो. शिवाय अँड्रॉइडच्या ‘रेस’ फोल्डरात फाइलीच्या नावात मोठी अक्षरं चालत नाहीत, जोडरेघ चालत नाही, मोकळी जागा तर नाहीच, कारण त्या नावांतून कोडमधली नावं तयार होतात. डिझायनरने ‘फायनल लोगो न्यू (२)’ असं नाव ठेवलं असेल, तर बिल्ड तिथेच थांबतो. या एका बाबतीत अँड्रॉइडने डिझायनरांना लावलेली शिस्त कुठल्याही ऑफिसला जमलेली नाही.

या सगळ्या मतभेदांत मध्यस्थ म्हणून येतो सीमेक.

त्याच्या आधी बिल्डचं काम करणारा मेक होता. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने तो लिहिला. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. ही खोड फेल्डमनच्या लवकरच लक्षात आली होती, पण तोवर प्रोग्रामला डझनभर वापरकर्ते मिळाले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्याने ती राहू दिली. ती डझनभर मंडळी खूश राहावीत म्हणून नंतरच्या लाखोंनी टॅब मोजले. सौजन्याची किंमत कधी कधी फार मोठी असते.

सीमेकची जन्मकथा आणखी विचित्र आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पात देहदानातून मिळालेलं एक शरीर गोठवून, एकेक मिलिमीटरचे थर काढत त्याची छायाचित्रं घेतली. १९९४ मध्ये ती चित्रं जगाला खुली झाली. त्या चित्रांचं विश्लेषण करायला आयटीके नावाचं टूलकिट बांधायचं ठरलं, आणि ते संशोधक वापरतील त्या प्रत्येक यंत्रावर चालायला हवं होतं. युनिक्सवर वेगळी बिल्डपद्धत, विंडोजवर वेगळी. दोन्ही सांभाळायच्या कशा? म्हणून किटवेअर कंपनीने १९९९ च्या सुमारास सीमेकवर काम सुरू केलं. म्हणजे चित्रांच्या ढिगाऱ्यापायीच जन्मलेलं हे अवजार, आणि पाव शतकानंतर लोक त्याला विचारतायत, की बाबा रे, माझा एवढासा लोगो एक्झीच्या शेजारी कसा ठेवू?

सीमेक स्वतः काही बांधत नाही. तो ‘सीमेकलिस्ट्स डॉट टीएक्सटी’ वाचतो आणि त्यावरून कुणाला मेकफाइल, कुणाला निंजाची फाइल, कुणाला व्हिज्युअल स्टुडिओचं प्रोजेक्ट, कुणाला एक्सकोडचं प्रोजेक्ट लिहून देतो. लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपने आपल्या चौथ्या पिढीसाठी तो स्वीकारला, खिडक्या-बटणांचं टूलकिट असलेल्या क्यूटची २०२० अखेर आलेली सहावी आवृत्ती त्यानेच बांधली जाते. सगळीकडे चालतो, हे खरं. पण ‘सगळीकडे चालतो’ याचा अर्थ सगळीकडचे मतभेद मिटतात असा नाही. ते एकाच फाइलीत, ‘विंडोज असेल तर’, ‘ॲपल असेल तर’, ‘नाहीतर’ अशा पायऱ्यांनी लिहायची मोकळीक मिळते, एवढंच.

पहिला उपाय जो तो शोधतो तो असा: प्रोग्राम बांधून झाल्यावर ॲसेट्स फोल्डर त्याच्या शेजारी कॉपी कर. सीमेकमध्ये याला ‘पोस्ट बिल्ड’ आज्ञा म्हणतात. कॉपी करायलाही सीमेक स्वतःचं हत्यार देतो, कारण विंडोजची ‘कॉपी’ आणि युनिक्सची ‘सीपी’ यांचंही जमत नाही. लिहिलं, चालवलं, लोगो दिसला. आनंद.

आठवड्याने साहेब म्हणतात, लोगो लाल नको, निळा करा. डिझायनर निळा करतो. प्रोग्रामर बिल्ड दाबतो. क्षणात पूर्ण. चालवून बघतो, तर लोगो लालच. पुन्हा दाबतो. लाल. डिझायनरला फोन जातो: “तू पाठवलेला लालच आहे.” तो म्हणतो, “नीट बघा, निळा आहे.” इथे शब्दाला शब्द वाढतो. वास्तविक दोघांनाही दोष नाही. ‘पोस्ट बिल्ड’ आज्ञा प्रोग्राम नव्याने बांधला गेला तरच चालते. कोडमध्ये काही बदललं नाही, म्हणून प्रोग्राम बांधला गेला नाही, म्हणून कॉपी झाली नाही. मग कुणीतरी मुख्य फाइलीत एक निरर्थक टिप्पणी घालतं आणि लोगो निळा होतो. एखाद्या जुन्या प्रोजेक्टात ‘ही ओळ काढू नका’ अशी टिप्पणी भेटली आणि तिच्याखाली काहीच ओळ नसली, तर समजावं, इथे कधीतरी लोगो बदलला होता.

बरोबर मार्ग म्हणजे प्रत्येक चित्राची स्वतंत्र नोंद करून ‘हे बदललं तर ते कॉपी कर’ असं नातं लिहिणं. शंभर चित्रं असतील तर शंभर नोंदी. मग आळसाने ‘ग्लॉब’ आठवतो: फोल्डरात जे जे पीएनजी असेल ते ते घे! सीमेकचं अधिकृत पुस्तक सोर्स फायलींसाठी असं करू नका म्हणून बजावतं, कारण ही मोजणी कॉन्फिगर करताना एकदाच होते. नंतर टाकलेलं चित्र यादीत येत नाही. २०१८ च्या ३.१२ आवृत्तीत ‘दर बिल्डला पुन्हा मोज’ असा पर्याय आला, आणि तो सगळीकडे नीट चालेलच असं नाही, ही सूचनाही सोबत आली. सीमेकच्या दस्तऐवजांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. पोटात काही ठेवत नाहीत.

शिवाय सीमेकमध्ये यादी म्हणजे अर्धविरामांनी जोडलेलं एक लांब वाक्य. एखाद्या चित्राच्या नावातच अर्धविराम असला, तर एका चित्राची दोन चित्रं होतात आणि दोन्ही सापडत नाहीत. मॅकच्या बंडलात चित्र घालायचं तर ते ‘सोर्स’ म्हणून नोंदवायचं आणि मग ‘हे रिसोर्सेसमध्ये जाईल’ असा गुणधर्म लावायचा. त्यामुळे सोर्स फायलींच्या यादीत मुख्य फाइल, खिडकीची फाइल, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून पार्श्वसंगीताचं गाणं बसलेलं असतं. आणि व्हिज्युअल स्टुडिओचं प्रोजेक्ट मागितलं, की एक्झी थेट बिल्ड फोल्डरात न येता ‘डिबग’ नाहीतर ‘रिलीज’ नावाच्या उपफोल्डरात येतो. म्हणजे मेकफाइलवाल्या सहकाऱ्याने ‘एक घर वर चढ आणि ॲसेट्समध्ये जा’ असं लिहिलं असेल, तर विंडोजवाला एक घर कमी चढतो आणि भलत्याच ठिकाणी पोहोचतो.

सामान नेमक्या जागी पोहोचवण्यासाठीच ‘इन्स्टॉल’ आज्ञा आहे. प्रोग्राम बिनमध्ये, सामान शेअरमध्ये, नियमाप्रमाणे. ती लिहिली जाते, पण प्रोग्रामर रोज बिल्ड फोल्डरातूनच चालवतो, इन्स्टॉल कधीच करत नाही. विंडोजवर सीमेक मुळात ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकायला निघतो आणि तिथे ॲडमिन परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. म्हणून त्या नियमांची पहिली खरी परीक्षा प्रकाशनाच्या आदल्या रात्री होते. ती रात्र कुठली, हे ऑफिसातल्या चहाच्या कपांवरून ओळखता येतं.

आता नावांकडे वळू. विंडोज आणि सर्वसाधारण मॅक यांना फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं वाटत नाही, लिनक्सला वाटतं. कोडमध्ये ‘लोगो’ लहान एलने, डिस्कवर मोठ्या एलने: विंडोजवर दिसतो, मॅकवर दिसतो, लिनक्सच्या सर्व्हरवर दिसत नाही. बरं, चूक कळून नाव बदलावं, तर गिटसुद्धा विंडोजवर फक्त अक्षराच्या आकारातला बदल बऱ्याचदा मनावर घेत नाही. विंडोजच्या पत्त्यांत फोल्डर वेगळे करणाऱ्या उलट्या तिरक्या रेघेचा वारसाही जुना. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते आणि सुलटी तिरकी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती. १९८३ मध्ये डॉस २.० ने फोल्डर आणले तेव्हा उलटी उरली होती, ती घेतली. पण सी भाषेत उलटी रेघ म्हणजे खास खूण. ‘न्यू’ नावाच्या फोल्डराआधी ती आली, की भाषा ‘एन’ गिळते आणि त्या जागी नवी ओळ सुरू करते. फाइल सापडत नाही आणि चुकीचा संदेशही दोन ओळींत तुटून येतो.

इतक्या कटकटींनंतर माणूस म्हणतो, जाऊ दे, सगळं एक्झीच्या पोटातच घालू, सगळ्या प्लॅटफॉर्मांवर. क्यूटने हा मार्ग लवकर दाखवला. क्यूआरसी नावाच्या यादीत चित्रं लिहायची. त्यांचं सी++ कोडमध्ये रूपांतर होतं, म्हणजे लोगोचा एकेक बाइट आकडा बनून एका लांबलचक यादीत बसतो. आणि कोडमध्ये विसर्गासारख्या दिसणाऱ्या कोलनने सुरू होणारा पत्ता दिला, की चित्र हजर. कुठे उभं राहायचं, कुठे शोधायचं, काही नाही. मात्र हेच सामान स्टॅटिक लायब्ररीत ठेवलं, तर लिंकर बघतो, या आकड्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, म्हणजे ते निरुपयोगी, आणि काटकसरीने फेकून देतो. ते वाचवायला एक मॅक्रो हाताने बोलावावा लागतो. तोही नेमस्पेसच्या आत चालत नाही, बाहेरूनच हाक मारायची.

शिवाय कंपायलर हा आकडे वाचणारा प्राणी नव्हे. त्याला कोड समजतो, त्यामुळे गाण्यातला प्रत्येक आकडाही तो कोड समजूनच चघळतो, त्याची नोंद करतो, आणि मेमरी खात सुटतो. आकड्यांऐवजी मजकूर म्हणून द्यावं, तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला एक सलग मजकूर सुमारे १६,३८० अक्षरांपलीकडे पेलत नाही. म्हणून लोक गाणी तुकड्यातुकड्यांनी खाऊ घालत बसले. ‘ही फाइल जशीच्या तशी इथे घाल’ एवढी एक ओळ भाषेतच असावी, असा प्रस्ताव जाँहाइड मेनीड यांनी २०१८ च्या सुमारास सी++ समितीपुढे मांडला. मग चर्चा. मग आणखी चर्चा. अखेर सी ने तो २०२२ मध्ये आधी मान्य केला, ‘एम्बेड’ नावाने तो सी२३ मध्ये आला, आणि ते प्रमाण छापून निघालं २०२४ मध्ये. सी चा पहिला कंपायलर बेल लॅब्जमध्ये चालला त्याला तोवर पन्नास वर्षं उलटली होती. एवढ्या काळात भाषेने जटिल संख्या शिकल्या, धागे शिकले, युनिकोड शिकली. चित्र उचलायला शेवटी शिकली.

पोटात घालण्याला ठाम नकार देणारा एक पंथही आहे, आणि त्याचं दैवत आहे डूम. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या या खेळाने कोड एका बाजूला आणि सगळं सामान, म्हणजे राक्षस, भिंती, किंकाळ्या, नकाशे, दुसऱ्या बाजूला एका वॅड फाइलीत ठेवलं. त्यामुळे कुणीही आपली वॅड बनवून जोडू शके, आणि लोकांनी इतक्या बनवल्या, की अजून थांबलेले नाहीत. डिसेंबर १९९७ मध्ये इंजिनाचा कोड खुला झाला. वॅड मात्र विकायची वस्तूच राहिली. याचा परिणाम असा, की आज लिनक्सवर डूमचं इंजिन फुकट, कायदेशीर, उत्तम बांधलेलं मिळतं आणि चालवलं तर वॅड सापडत नाही म्हणून तक्रार करून बंद पडतं. इथे सामान विसरलेलं नाही, वकिलाने काढून घेतलेलं आहे. डेबियनमध्ये यासाठी स्वतंत्र पॅकेज आहे, ‘गेम-डेटा-पॅकेजर’ नावाचं. तुमच्याकडे विकत घेतलेली सीडी असेल, तर त्यातलं सामान काढून तुमच्याच मशीनवर त्याचं पॅकेज बांधून देतं. वॅड कुठे शोधायची यासाठी जुन्या लिनक्स डूमने ‘डूमवॅडडिर’ नावाचं चल ठेवलं होतं. त्याचे आजचे वंशजही ते वाचतात. तीस वर्षांत निदान एका प्रोग्रामने आपलं सामान कुठे आहे हे मोकळेपणाने विचारलं.

या सगळ्यात मराठी माणसाचा संबंध येतो तो भाषांतरांच्या फायलींपाशी. मुक्त सॉफ्टवेअरची मराठी भाषांतरं बरीचशी स्वयंसेवकांनी केलेली असतात. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ की ‘साठवा’, यावर रीतसर वाद घालून, एकेक ओळ पीओ फाइलीत लिहून. त्यापासून एमओ फाइल बनते आणि ती शेअर, लोकेल, एमआर, एलसी-मेसेजेस अशा चार पायऱ्या उतरून ठेवावी लागते. शेवटची पायरी विसरली, म्हणजे फाइल थेट एमआरमध्ये ठेवली, तर भाषांतर शोधणाऱ्या गेटटेक्स्टला ती सापडत नाही. आणि सापडली नाही तर गेटटेक्स्ट काय करतं? काही नाही. कसलीही सूचना न देता मूळ इंग्रजी वाक्य दाखवतं. चित्र हरवलं तर निदान भोक दिसतं. इथे तेही नाही. प्रोग्राम उघडतो, चालतो, सगळं सुरळीत, फक्त इंग्रजीत.

विंडोजवर तर आणखी गंमत, कारण भाषांतरांचा पत्ता बहुधा बिल्डच्या वेळीच प्रोग्राममध्ये कोरला जातो, आणि विंडोजवरचा प्रोग्राम इमानेइतबारे ‘यूएसआर शेअर लोकेल’ शोधत बसतो. खेळांमध्ये भाषांतर पोहोचलं तरी फाँट सोबत आलेला असतो लॅटिनपुरता, मग ‘जतन करा’च्या जागी सहा चौकोन रांगेत उभे. देवनागरी फाँट घातला, पण अक्षरं जुळवणारी हार्फबझसारखी लायब्ररी घातली नाही, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे येऊन बसते आणि ‘किल्ला’ वाचताना जीभ अडखळते. फाँटही रिसोर्स, लायब्ररीही सोबत न्यायची वस्तू, दोन्हींची नोंद त्याच सीमेकलिस्ट्समध्ये.

भाषांतर करणारा मग कळवतो, की नव्या आवृत्तीत मराठी दिसत नाही. उत्तर दोन दिवसांनी येतं, तेही सौजन्याने भरलेलं. फाइल तर बिल्डमध्ये आहे, विकासकाने स्वतः तपासलं आहे, आणि सोबत पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट जोडला आहे. त्यात मेनू स्वच्छ मराठीत दिसतोय. खिडकीच्या वरच्या पट्टीवर प्रोग्रामचा पूर्ण पत्ताही दिसतोय: होम, मग विकासकाचं नाव, मग प्रोजेक्ट्स, मग बिल्ड.